सैनिकांचा एमएसपी: तो बदलायचा अधिकार नक्की कुणाचा?

एमएसपी म्हटलं की आपल्याकडे कांदा, सोयाबीन, तूर आणि हमीभाव आठवतो. आजचा एमएसपी वेगळा. 'मिलिटरी सर्व्हिस पे', म्हणजे सैनिकाला मूळ पगारावर दरमहा मिळणारी एक ठरावीक रक्कम. मराठीत याला कुणी 'लष्करी सेवा वेतन' म्हणतं, पण छावणीत आणि पगाराच्या स्लिपवर तो एमएसपीच असतो, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

माझ्या प्रबंधाचा विषय आहे, कायदेमंडळाकडे न जाता सरकार कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती किती आणि कशा बदलू शकतं. त्यातलं सैन्याचं प्रकरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. कारण साधं आहे. केंद्राच्या कारकुनाला संघटना आहे, 1966 पासून चालत आलेली संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे, पगार-भत्त्यांच्या प्रश्नावर लवादापर्यंत जाता येतं. जवानाला यातलं काहीच नाही. संविधानाचं कलम 33 संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा देतं, आणि त्याच आधारावर सैन्य कायद्याने त्याचं संघटना-स्वातंत्र्य आवळलेलं आहे. ज्याला तोंड उघडायची सोय नाही, त्याचा पगार कोणत्या कागदावर उभा आहे हे तरी निदान नीट माहीत असावं, नाही का?

आधी ओळख. एमएसपी आणला सहाव्या वेतन आयोगाने. अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले. मार्च 2008 च्या त्या अहवालाने अधिकाऱ्यांना, लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत, 6,000 रुपये आणि जवानांना 1,000 रुपये सुचवले. सरकारने जवानांचे 1,000 चे 2,000 केले. सातव्या आयोगाने हे आकडे अधिकाऱ्यांना 15,500, लष्करी परिचारिका सेवेला 10,800 आणि जवान व जेसीओंना (म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर) 5,200 असे केले. वायुदलातल्या नोंदणीकृत पण लढाऊ नसलेल्या कर्मचाऱ्यांना 3,600. ही रक्कम महागाई भत्त्यासाठी आणि पेन्शनसाठी मूळ पगारात धरली जाते. घरभाडे भत्ता आणि वार्षिक वेतनवाढ यांच्यासाठी धरली जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, आयोगाने ठरवलं, विषय संपला. इथेच पहिली गफलत. वेतन आयोग काहीही ठरवत नाही. तो वित्त मंत्रालयाच्या ठरावाने नेमलेला असतो, त्याच्यामागे कायदा नसतो, आणि त्याची शिफारस मान्य करायला सरकार बांधील नसतं. जवानांच्या 1,000 चे 2,000 झाले ते नेमकं याच मोकळीकीतून. त्या वेळी मोकळीक जवानाच्या बाजूने वापरली गेली, म्हणून कुणाला खटकलं नाही.

मग आधार शोधत कायद्यात जाऊ. सैन्य कायदा, 1950. यात पगारावर एक कलम आहे, 25 क्रमांकाचं, आणि ते फार बारकाईने वाचावं असं आहे. त्याचा आशय असा: या कायद्याखालच्या व्यक्तीला 'त्या वेळी अमलात असलेल्या' विनियमानुसार जो पगार देय असेल, तो कायद्याने परवानगी दिलेल्या कपातींखेरीज दुसरी कोणतीही कपात न करता दिला पाहिजे.

पहिल्यांदा वाचताना हे भक्कम संरक्षण वाटतं. दुसऱ्यांदा वाचताना कळतं की संरक्षण कपातीपासून आहे, दरापासून नाही. उद्या पगार कचेरीने तुमच्या 5,200 मधून कारण नसताना 500 कापले, तर ते कलम 25 चं उल्लंघन. पण विनियमच बदलून 5,200 चे 4,700 केले, तर कापलं काहीच नाही, कारण 'अमलात असलेला' आकडाच 4,700 झाला. कायदा पगाराची हमी देतो, पण पगार किती हे सांगायचं काम दुसऱ्या कागदावर सोडून देतो. संसदेने 1950 साली ही जागा रिकामी ठेवली आणि ती भरायचं काम केंद्र सरकारकडे दिलं. पुढची कलमं, 191 आणि 192, नियम आणि विनियम करायचे अधिकार देतात.

नागरी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा दुसरा कागद ठळक आहे. संविधानाच्या कलम 309 च्या परंतुकाखाली राष्ट्रपतींच्या नावाने सुधारित वेतन नियम निघतात, राजपत्रात छापले जातात. जुलै 2016 मध्ये तसेच निघाले. सैन्याच्या बाबतीत कित्येक दशकं ही कामगिरी 'विशेष सैन्य सूचना' नावाच्या कागदाने केली. 2008 साली एमएसपी अधिकाऱ्यांच्या पगारात आला तो याच प्रकारच्या सूचनेतून. ही सूचना संरक्षण मंत्रालय काढतं. ती कार्यकारी अधिकारातली असते आणि तिचं बळ नियमाएवढं नसतं. 2017 मध्ये चित्र बदललं. 'आर्मी ऑफिसर्स पे रूल्स, 2017' अशा नावाची रीतसर नियमावली राजपत्रात आली. वरवर पाहता हा छपाईतला फरक. कायद्याच्या दृष्टीने मात्र एमएसपी एक पायरी वर चढला. 1967 च्या संतराम शर्मा प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं स्पष्ट आहे की प्रशासकीय सूचना नियमांतल्या मोकळ्या जागा भरू शकतात, पण नियमांच्या विरुद्ध जाऊ शकत नाहीत. म्हणजे आकडा नियमात बसल्यावर कुणा उपसचिवाच्या पत्राने तो हलवता येऊ नये. सैनिकांच्या पगारावर जे काही लिहिलं जातं त्यात या बदलाचा उल्लेख मला क्वचितच दिसतो. सगळं लक्ष आकड्यांवर.

पायरीने एवढा काय फरक पडतो, असं वाटत असेल तर 'रँक पे'चं प्रकरण पाहा. एमएसपीचा हा थोरला भाऊ. चौथ्या वेतन आयोगाने 1 जानेवारी 1986 पासून कॅप्टन ते ब्रिगेडियर या पदांना एकत्रित वेतनश्रेणीच्या वर हुद्द्यानुसार 200 ते 1,200 रुपये रँक पे दिला. मग 1987 च्या विशेष सैन्य सूचनेने वेतननिश्चिती करताना काय केलं? नव्या श्रेणीत पगार बसवण्याआधी रँक पेएवढी रक्कम वजा केली, आणि मग रँक पे म्हणून तीच परत दिली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. मंत्रिमंडळाचा निर्णय वाढ देण्याचा होता. सूचनेतल्या एका परिच्छेदाने तो फिरवला.

मेजर ए. के. धनपालन यांनी 1996 मध्ये केरळ उच्च न्यायालयात याचिका केली. 1998 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार अपिलात हरलं, पुढे सर्वोच्च न्यायालयातही हरलं, आणि मग म्हणालं की हा निकाल एकट्या धनपालन यांच्यापुरता. बाकीच्या अधिकाऱ्यांना पुन्हा लढावं लागलं. शेवटचा आदेश आला 4 सप्टेंबर 2012 ला. 1986 ते 2012, म्हणजे सव्वीस वर्षं. त्यातले कित्येक जण तोवर निवृत्त झाले, काही गेलेही. आणि हे अधिकारी होते, वकील करू शकणारे. हेच जवानाच्या पगारात झालं असतं तर?

(पुणेकरांसाठी एक बारीक तपशील. लष्करी अधिकाऱ्यांचे पगार देशभरातून ज्या कचेरीत निघतात ती, संरक्षण लेखा विभागाची, आपल्या पुण्यात आहे. दिल्लीतल्या सूचनेतल्या एका परिच्छेदाचा अर्थ रुपयांत उतरतो तो अशा लेखा कचेरीच्या टेबलावर. अभ्यासक हे टेबल फार क्वचित अभ्यासतात.)

आता सातव्या आयोगाकडे येते, कारण माझी मुख्य तक्रार त्याच्याशी आहे. त्या अहवालात एमएसपीची भूमिका चांगली मांडली आहे. लष्करी जीवनातल्या मोजता न येणाऱ्या गोष्टींची ही भरपाई आहे, आणि ती फक्त संरक्षण दलांनाच मिळावी, हे आयोग ठामपणे सांगतो. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांची मागणी त्यामुळे बाहेर राहते. इथपर्यंत ठीक. पण मग आकडा कसा काढला? तुम्हीच कॅल्क्युलेटर घ्या. 6,000 गुणिले 2.57 म्हणजे 15,420. दिले 15,500. 4,200 गुणिले 2.57 म्हणजे 10,794. दिले 10,800. 2,000 गुणिले 2.57 म्हणजे 5,140. दिले 5,200. आणि 2.57 हा सगळ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना लावलेला सरसकट गुणक. मोजता न येणाऱ्या गोष्टींची भरपाई, आणि ती काढली मंत्रालयातल्या टंकलेखकाच्या पगाराला लावलेल्या गुणकाने, वर थोडं पूर्णांकात आणून.

हा गुणक दिसतो तेवढा उदारही नाही. जानेवारी 2016 ला महागाई भत्ता 125 टक्के होता आणि तो एमएसपीवरही मिळत होता. म्हणजे जवानाच्या हातात एमएसपीपोटी 2,000 अधिक 2,500, असे 4,500 आधीच पडत होते. '2,000 चे 5,200' ही बातमी खरी, पण खरी वाढ 700 रुपयांची, साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास. अधिकाऱ्यांची 13,500 वरून 15,500, पावणेपंधरा टक्के. कुणी म्हणेल, मग जवानाला जास्तच मिळाले की! टक्क्यांत हो, पण ते पूर्णांकाच्या कृपेने.

खरा प्रश्न गुणोत्तराचा आहे. अधिकारी आणि जवान यांच्यात सहाव्या आयोगाला 6 ला 1 हवं होतं, सरकारने ते 3 ला 1 केलं, सातव्याने ते तसंच पुढे नेलं. का, याचं उत्तर मला पटेल असं कुठेच सापडलं नाही. बर्फ, बदल्या आणि घरापासूनचा दुरावा हुद्दा बघून कमीजास्त होत नाहीत. अर्थात रकमेऐवजी मूळ पगाराशी प्रमाण पाहिलं तर चित्र थोडं गुंतागुंतीचं होतं, आणि ते लपवणं बरोबर नाही. 21,700 वर सुरुवात करणाऱ्या शिपायाला 5,200 म्हणजे जवळपास 24 टक्के. 56,100 वर सुरुवात करणाऱ्या लेफ्टनंटला 15,500 म्हणजे साडेसत्तावीस. हे दोघे फार दूर नाहीत. पण 47,600 पासून सुरू होणारा सुभेदार मेजर 11 टक्क्यांवर येतो. ब्रिगेडियरही 11 वरच, पण तो निदान आपल्या गटातल्या कनिष्ठाएवढी रक्कम घेऊन वर गेलेला असतो. तीस-एक वर्षं सेवा झालेल्या सुभेदार मेजरला कालच्या शिपायाएवढी रक्कम मिळते, आणि त्याच पलटणीत नव्याने आलेल्या, त्याच्याकडूनच पलटण समजून घेणाऱ्या लेफ्टनंटला तिप्पट.

ही तक्रार माझी नाही, सैन्याचीच आहे. सप्टेंबर 2016 मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांनी विसंगती दूर होईपर्यंत सातव्या आयोगाची अंमलबजावणी थांबवून धरली होती, आणि त्या विसंगतींच्या यादीत जेसीओंचा एमएसपी होता. संरक्षणमंत्री तेव्हा गोव्याचे मनोहर पर्रीकर. त्यांच्या मध्यस्थीनंतर अंमलबजावणी पुढे सरकली. मे 2017 मध्ये मंत्रिमंडळाने काही गोष्टी दुरुस्त केल्या. संरक्षण वेतन तक्त्यातले टप्पे 24 वरून 40 झाले, अपंगत्व पेन्शन पुन्हा टक्क्यांवर आली. जेसीओंचा एमएसपी मात्र तिथेच राहिला. डिसेंबर 2018 मध्ये बातमी आली की वित्त मंत्रालयाने वाढीची मागणी नाकारली. प्रश्न तिन्ही दलांतल्या सुमारे 1.12 लाख जणांचा होता.

इथे थोडं थांबा आणि कोण कुठे उभं आहे ते बघा. मागणी सैन्याची, प्रस्ताव संरक्षण मंत्रालयाचा, नियम करायचा कायदेशीर अधिकार केंद्र सरकारचा. आणि 'नाही' म्हणणारं खातं? वित्त. सैन्य कायद्यात वित्त मंत्रालयाचं नावही नाही. कायद्याच्या पुस्तकातला अधिकार आणि प्रत्यक्षातला अधिकार यांच्यात हे अंतर आहे. 'अधिकार कुणाचा' याचं परीक्षेतलं उत्तर 'केंद्र सरकार' असं आहे, आणि कामकाज-वाटपाच्या नियमांतून त्याचा अर्थ 'खर्च विभाग मान्य करेल तेवढा' असा होतो. पैशाच्या बाबतीत तसं असणं गैर नाही. पण ज्याने नाकारलं त्याने कारणं जाहीर करावीत, एवढी तरी अपेक्षा ठेवावी की नाही? ब्रिटनमध्ये याच प्रकारच्या रकमेला 'एक्स-फॅक्टर' म्हणतात. 1970 पासून आहे, 2013 पासून मूळ पगाराच्या 14.5 टक्के, वरच्या पदांना कमी होत जाणारा. तिथे एक स्वतंत्र पुनरावलोकन मंडळ दर पाच वर्षांनी त्यातला एकेक घटक तपासून छापील अहवाल देतं. तिथलं सरकारही शिफारशीला बांधील नाही. पण मोजमाप काय केलं हे तिथल्या सैनिकाला वाचता येतं.

आता उलट प्रश्न. सरकार एमएसपी कमी करू शकतं का? बंद करू शकतं का? ही भीती दर वेतन आयोगाच्या आधी उठते, म्हणून सरळ सांगते. पुढच्या काळासाठी, बहुधा हो. 1967 च्या रोशनलाल टंडन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी नोकरी करारातून सुरू झाली तरी नंतर तो एक 'दर्जा' होतो, आणि त्याच्या शर्ती सरकार नियमांनी एकतर्फी बदलू शकतं. मागच्या काळासाठी मात्र नाही. याला नेमका लागू पडणारा दाखला रेल्वेचा आहे. गाडीवर धावणाऱ्या कर्मचाऱ्यांचा 'रनिंग अलाउन्स' पेन्शनच्या हिशेबात 75 टक्क्यांपर्यंत धरत असत. डिसेंबर 1988 मध्ये नियम दुरुस्त करून तो 45 आणि 55 टक्क्यांवर आणला, आणि तोही 1973 व 1979 पासून मागे जाऊन! 1997 च्या रंगधामय्या प्रकरणात घटनापीठाने ही पूर्वलक्षी कपात रद्द केली. निवृत्त झालेल्या माणसाचा हक्क मागच्या तारखेने काढून घेणं कलम 14 आणि 16 मध्ये बसत नाही, असं सांगितलं. एमएसपीही पेन्शनमध्ये धरला जातो, त्यामुळे निवृत्तांच्या बाबतीत हाच निकाल ढालीसारखा उभा राहील असं माझं मत आहे. सेवेतल्यांना ती ढाल नाही.

आणि कमी करायची गरजच काय? नवा वर्ग तयार केला की झालं. जून 2022 मधली अग्निपथ योजना आठवा. अग्निवीराला पहिल्या वर्षी 30,000 पासून चौथ्या वर्षी 40,000 पर्यंत एकरकमी पॅकेज, त्यातले 30 टक्के निधीत. जोखीम आणि खडतर सेवेचे भत्ते आहेत, पण महागाई भत्ता नाही, एमएसपी नाही. सैन्य कायद्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही, कारण कलम 25 फक्त 'अमलात असलेल्या' दराची हमी देतं आणि अग्निवीरासाठी अमलात असलेला दर वेगळाच ठरवला गेला. कुणाचाही एमएसपी कापला नाही. फक्त तो न मिळणारे सैनिक भरती झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2023 ला योजना वैध ठरवली आणि अग्निवीर हे वेगळं कॅडर असल्याचं सरकारचं म्हणणं मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिलमध्ये हस्तक्षेप केला नाही. निकाल कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखा आहे. पण एमएसपीच्या तत्त्वाचं काय? लष्करी जीवनातल्या मोजता न येणाऱ्या कष्टांची ही भरपाई असेल, तर सियाचीनवर शिपायाच्या शेजारी उभ्या अग्निवीराला ते कष्ट नाहीत असं म्हणायचं का? या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच कागदात मला दिसलं नाही.

न्यायालय काहीच करू शकत नाही असं समजू नका. ते आकडा देत नाही, कागदाची पायरी मात्र तपासतं. 'वन रँक वन पेन्शन'मध्ये मार्च 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने योजना हा धोरणाचा भाग मानून हात लावला नाही. पण पुढे थकबाकीची मुदत न्यायालयाने ठरवून दिलेली असताना संरक्षण मंत्रालयाने 20 जानेवारी 2023 च्या पत्राने ती परस्पर चार हप्त्यांत द्यायचं ठरवलं, तेव्हा सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मंत्रालयाला खडसावलं, कायदा हातात घेऊ नका म्हणून. रँक पे असो की ही थकबाकी, सरकार सापडलं ते पत्रांत आणि सूचनांत.

आठवा वेतन आयोग नोव्हेंबर 2025 मध्ये स्थापन झाला. अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, याही मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या. मुदत 18 महिने. संरक्षण दलांचा पगार त्यांच्या कार्यकक्षेत आहे, आयोगावर लष्करी सदस्य नाही. अहवाल आला की तुम्ही आकडा बघालच. त्याच्याबरोबर या दोन गोष्टी बघा: 5,200 ला नुसतं नव्या गुणकाने गुणलंय का, आणि नंतर तो आकडा राजपत्रातल्या नियमात येतो की पुन्हा एखाद्या सूचनेच्या परिच्छेदात.